मदत हवी आहे: बर्फाच्या डोंगरांना एक शब्द (तातडीचे)

खाडीकाठ: ‘हिमनग’ लिहिलंय. बरोबर आहे ना? संध्याकाळपर्यंत छापायला द्यायचंय.

वेंगुर्ला_बंदर: पुरी ओळ टाक मरे. खंय छापतलस?

खाडीकाठ: फ्लेक्स, 8 बाय 3 फूट. रत्नागिरी ते मनाली सहल, मे महिना. ‘हिमनगांच्या कुशीत सात दिवस’.

ऱ्हस्वदीर्घ: नका लिहू. नग म्हणजे पर्वत, हे खरं. पण मराठीत हिमनग म्हणजे समुद्रात तरंगणारा बर्फाचा प्रचंड तुकडा. भूगोलाच्या पुस्तकात हाच अर्थ आहे. ‘हिमाच्छादित’ घ्या: हिम + आच्छादित. ‘छा’आधी अर्धा च, ‘दि’ ऱ्हस्व. ‘गरीब’, ‘वकील’मध्ये उपान्त्य (शेवटच्या आधीचा) इकार दीर्घ असतो, पण हा तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे. शिवाय हे विशेषण, पुढे नाम लागतंच: हिमाच्छादित शिखर, हिमाच्छादित शिखरांवर. लिंग-वचनाने रूप बदलत नाही.

देवगड७: एवढं कशाला? ‘बर्फाच्छादित’ लिहा, सगळ्यांना कळतं.

ऱ्हस्वदीर्घ: बर्फ फारसी, आच्छादित संस्कृत. हा संधी खटकतो. सोपं हवं तर ‘बर्फाने झाकलेली शिखरं’ म्हणा.

देवगड७: मग ‘जिल्हाधिकारी’चं काय? जिल्हा अरबी, अधिकारी संस्कृत. तो रोज चालतो.

ऱ्हस्वदीर्घ: तो रुळला, मान्य. तरी हिमाच्छादित हाताशी असताना दुसरा नको.

दापोली_सडा: मेमध्ये मनाली गावात बर्फ नसतो, गाव साधारण 2000 मीटरवर आहे. बर्फासाठी रोहतांग खिंडीत, 3978 मीटरवर जावं लागतं आणि गाडीचा परवाना आधी काढावा लागतो.

खाडीकाठ: शब्द विचारलाय हो, प्रवास नाही. हिमाच्छादित शिखरांच्या कुशीत... लांब होतंय. एकच शब्द द्या.

ऱ्हस्वदीर्घ: मग ‘हिमशिखर’. हे नाम आहे, एकटं उभं राहतं. पण ‘कुशीत’ काढा. कूस डोंगराला असते. शिखर म्हणजे टोक, त्याला कसली कूस? ‘हिमशिखरांच्या सान्निध्यात सात दिवस’. दोन न, ‘सानिध्यात’ नव्हे.

वेंगुर्ला_बंदर: ओळ मोबाइलवरून नुसती पाठवू नको. प्रेसवाल्याचो फॉन्ट जुनो असलो तर जोडाक्षरां तुटतत, वेलांटी भलत्याच अक्षरार जाता. छापूच्या आदी प्रूफ मागून घी आणि एकेक अक्षर वाच.

खाडीकाठ: प्रूफ आलं. ‘सानिध्यात’च टाकलंय. परत पाठवलं.