बीटलचा पेट्रोल पंप बदलल्यापासून कार्ब्युरेटर ओसंडतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी १९६८ची फोक्सवॅगन बीटल, १५०० सीसी, डायनामोवाली (बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटरऐवजी जुन्या पद्धतीचा डायनामो). बाबांनी पुण्यात बरीच वर्षं चालवली, आता माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्याही वर दिसलं. बोटावर घेऊन हुंगलं तर पेट्रोलचा वास. एसी पंपाचा, म्हणजे टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ढकलणाऱ्या पंपाचा, डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) फाटून पेट्रोल इंजिनात उतरत होतं. पातळ झालेल्या तेलावर बेअरिंग जातील या धास्तीने गाडी त्याच दिवशी उभी केली.

पंप मीच काढला. बीटलची टाकी पुढे, पंपापेक्षा उंचावर, म्हणून नळी सोडली की पेट्रोल आपसूक वाहत येतं. नळीच्या तोंडात लगेच बोल्ट खुपसला. १३च्या पान्याने दोन नट सोडले, पुशरॉड (पंप चालवणारा दांडा) आधी उपसला आणि मगच बॅकेलाइटची काळी फ्लँज (पंपाखालची बैठक, रॉड हिच्यातूनच जातो) काढली. हा क्रम चुकला तर रॉड थेट क्रँककेसमध्ये पडू शकतो.

नव्या पंपाच्या किटमध्ये फ्लँज आणि पॅकिंग होतं, तेच वापरलं. रॉडचं निमुळतं टोक खाली ठेवलं, पंपाच्या खालच्या पोकळीत ग्रीस भरलं, तेल बदललं. नट आवळताना मात्र पंप जोर लावून दाबावा लागला. मी तिथेच थांबायला हवं होतं. गाडी चालू झाली आणि मिनिटभरात कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओघळायला लागलं. इंजिन बंद पडलं, प्लग ओलेचिंब. शेजारीच डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगीची भीती, त्यामुळे आधी बॅटरीची तार काढली.

पंप पुन्हा उतरवून मापं घेतली. रॉड १०८ मिमी, म्हणजे डायनामोच्या इंजिनाचाच. पण पुली हाताने फिरवून रॉड सगळ्यात वर आणला की पॅकिंगच्या वर १५ मिमी येतो. हवा १३. आणखी पॅकिंग टाकून हे २ मिमी भरून काढू का? की पंपच चुकीचा आलाय? फ्लोटची नीडल (कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) खराब असेल का? सध्या गाडीला हात लावलेला नाही.

प्रतिसाद:
पॅकिंगच्या थप्पीने २ मिमी भरू नका, गळती सुरू होईल. तुम्ही फ्लँजही बदललीत ना? जुनी आणि नवी शेजारी ठेवून उंची बघा. किटमधली बुटकी असेल तर रॉड जास्त वर येणारच. मग पंपाचा दाब वाढतो आणि चांगली नीडलसुद्धा तो अडवू शकत नाही. अल्टरनेटरच्या इंजिनाला १०० मिमीचा रॉड आणि वेगळा पंप लागतो, तेव्हा पंप कुठला आलाय तेही दुकानात विचारा. आणि बसवताना पुली फिरवून रॉड सगळ्यात खाली आणा, म्हणजे दाबाविरुद्ध नट आवळावे लागणार नाहीत.

धागाकर्ता:
मनापासून आभार. जुनी फ्लँज डब्यात जपून ठेवली होती. दोन्ही टेबलावर उभ्या केल्या तर नवी उघड उघड बुटकी. जुनी नीट पुसून, तडा नाही हे बघून, नव्या पॅकिंगसह लावली आणि पुली फिरवली. रॉड १३ मिमी. पंप या वेळी हातानेच जागेवर बसला. गाडी मात्र नळीवर प्रेशर गेज लावून दाब बघितल्यावरच चालू करीन. गेज उद्या मिळतंय.