करंज तेल कॉस्टिकनं धुताना मधे पट्टा का धरतो?

प्रश्न (खानापूर): तेलाचा आम्लांक (तेलात मोकळं आम्ल किती, याचा आकडा) १०. ते आम्ल काढायला कॉस्टिक सोड्यानं धुतलं की तेल-पाणी सुटायचं नाव घेत नाही, मधे ताकासारखा पट्टा. डिटर्जंट टाकून पाहिला, आणखीच बिघडलं.

उत्तर (बेळगाव): डिटर्जंट कशाला घातलात हो! आम्लांक १० म्हणजे मोकळं आम्ल साधारण ५ टक्के. कॉस्टिक लागलं की तेल-पाण्याच्या सीमेवरच साबण होतो आणि आंतरपृष्ठीय ताण (तेल-पाण्याला वेगळं ठेवणारी सीमेवरची ओढ) कोसळतो. मग हलकं ढवळलं तरी बारीक थेंब पडतात, ते परत जुळत नाहीत. डिटर्जंटनं तोच ताण आणखी उतरवला. किलोभर तेलाला ७ ग्रॅम कॉस्टिक, वर थोडंसंच जास्त. ६५ अंशांवर, सावकाश ढवळा.

उत्तर (निपाणी): पाणी बोअरचं आहे का? त्यातल्या कॅल्शियमचा चिकट साबण पाण्यात विरघळत नाही, मधेच अडकतो. पावसाचं पाणी वापरा. धरलेला पट्टा फोडायला ५ टक्के मिठाचं गरम पाणी वरून सोडा, ढवळू नका.

बेळगाव: ताण मोजणार असाल तर लगेच आणि तासाभरानं, असा दोनदा मोजा. आधी उतरतो, साबण सीमेवरून पाण्यात गेला की पुन्हा चढतो. खनिज तेलाच्या विहिरीत मात्र उतरलेला ताणच हवा असतो, म्हणून तिथं अल्कलीच्या (कॉस्टिकसारख्या क्षाराच्या) जोडीला सर्फॅक्टंट (डिटर्जंटसारखं ताण उतरवणारं द्रव्य) सोडतात.