निवृत्त अतिसैनिकाला घरी पाळावे का?

कुळागर (धागाकर्ता)

गेल्या रविवारी फोंड्यातील आमच्या वाचनमंडळात एका तरुण सदस्येने स्वतः लिहिलेली विज्ञानकथा वाचून दाखवली. काळ दोनशे वर्षांनंतरचा आहे. युद्धे संपली आहेत, आणि त्या युद्धांसाठी जनुके बदलून, शरीरात जादा अवयव बसवून घडवलेले आठ फुटी, अडीचशे किलो वजनाचे सैनिक आता कोणालाच नको आहेत. सरकार ते कुटुंबांना वाटून देते. मडकईतील जुन्या घरात एकटी राहणारी एक आजी असा एक सैनिक घेते, राजांगणात, म्हणजे घराच्या आतल्या चौकात, त्याला जागा देते, त्याचे नाव मोती ठेवते, त्याला पेज वाढते आणि रात्री राजांगणाच्या दाराला बाहेरून कडी लावते. मिरगाचा पहिला गडगडाट ऐकून तो थरथरू लागतो, तेव्हा ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत रात्रभर बसून राहते.

कथा संपल्यावर मंडळात दोन तट पडले. मी आजीच्या बाजूचा आहे आणि ती बाजू येथे नीट मांडू इच्छितो.

लढण्यासाठीच वाढवलेल्या जिवाचे युद्धानंतर काय करायचे, हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. भारतीय लष्करातील सेवेस निरुपयोगी ठरलेल्या कुत्र्यांना २०१५ पर्यंत दयामरण दिले जात असे. माहितीच्या अधिकारातून ते उघड झाले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि आज असे कुत्रे साध्या कुटुंबांना दत्तक मिळतात. आयुष्यभर स्फोटके हुंगलेला लॅब्राडोर म्हातारपणी कोणाच्या तरी ओसरीवर झोपतो, यात त्याचा अपमान झाला असे कोणी म्हणत नाही. कथेतील सैनिकाला तर आईबाप नाहीत, बालपण नाही, पैसा काय असतो हेही त्याला ठाऊक नाही. अशा जिवाला ‘आता तू स्वतंत्र आहेस’ असे सांगून पणजीच्या बसस्थानकावर सोडून देणे, याला मी स्वातंत्र्य म्हणू शकत नाही. त्याला घर हवे, वेळेवर जेवण हवे आणि न घाबरता जवळ बसणारे माणूस हवे. ‘पाळणे’ हा शब्द काहींना खटकला. परंतु मराठीत आपण दिलेला शब्द पाळतो, व्रत पाळतो, आणि बाळाला निजवतो तोही पाळण्यातच.

शिपायाची लेक

कुळागर, तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. तरीही मी तुमच्याशी पूर्णपणे असहमत आहे, आणि सुरुवात तुमच्या शब्दापासूनच करते. आपण कुत्रा पाळतो, पोपट पाळतो; पण मूल सांभाळतो, आजाऱ्याला सांभाळतो, म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळतो. समोर माणूस आला की मराठीत क्रियापद बदलते. माणसासाठी ‘पाळणे’ वापरतात ते बहुधा ‘त्याने गुंड पाळले आहेत’ अशा वाक्यात, म्हणजे ज्याच्या हातून आपले काम करून घ्यायचे आणि ज्याचे स्वतःचे म्हणणे कधी विचारायचे नाही, अशा माणसाविषयी.

दुसरे असे की गोव्यात बसून आपण ‘घरात प्रेमाने ठेवलेला माणूस’ ही कल्पना नवी असल्यासारखी मांडू शकत नाही. आपल्याकडे पोसकें होती. गरिबाघरचे किंवा अनाथ मूल मोठ्या घरात आणले जाई, त्याला अन्न, कपडे आणि अंग टाकायला जागा मिळे, घरातली मुले त्याच्या अंगाखांद्यावर वाढत, आणि ते मूल जन्मभर त्या घराचे काम करी. बहुतेक ठिकाणी त्याला वारसा नसे, आणि मुलगी असेल तर तिच्या लग्नाचा विचारही सहसा कोणी करत नसे. माझ्या आजोळच्या शेजारी अशी एक म्हातारी बाई होती. त्या घरातील प्रत्येकाचा तिच्यावर खरोखर जीव होता, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ती गेली तेव्हा ते सगळे रडले. तिचे आडनाव काय होते, हे मात्र त्यांतील एकालाही सांगता आले नाही. म्हणून आजीचे प्रेम खरे आहे की नाही, हा माझ्या दृष्टीने प्रश्नच नाही. मला खटकते ते ‘मोती’ हे नाव आणि बाहेरून लावलेली कडी.

पशुवैद्य, डिचोली

मी या वादात कोणाच्याच बाजूने उतरलो नव्हतो. परंतु कुत्र्यांचे उदाहरण निघाले म्हणून लिहितो. लष्करी कुत्रा घरात रुळतो तो केवळ कुटुंबाच्या प्रेमामुळे नव्हे. त्याच्या मागे हजारो वर्षांची निवड आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथे चंदेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला आणि प्रत्येक पिढीतील सर्वांत कमी बुजणारे थोडेच कोल्हे पुढच्या पैदाशीसाठी निवडले. काही पिढ्यांतच शेपटी हलवणारी, माणसाचा हात चाटणारी पिल्ले जन्मू लागली. बदल पिढ्यांमध्ये झाला. एकच प्राणी आणून त्याला एका जन्मात पाळीव करता येत नाही. फार तर माणसाळवता येते. आणि कथेतील सैनिकाची निवड तर नेमक्या उलट गुणांसाठी झालेली आहे.

हा ‘माणसाळणे’ शब्द लिहिताना मीच थांबलो. जो मुळात माणूस आहे, त्याला माणसाळवायचे म्हणजे काय करायचे?

आता थोडा हिशेब. सस्तन प्राण्याची विश्रांतीतील ऊर्जेची गरज वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात, म्हणजे वजनापेक्षा थोड्या कमी वेगाने, वाढते, हा क्लायबर यांचा नियम आम्ही रोजच्या कामात वापरतो. त्यानुसार सत्तर किलोच्या माणसाला नुसते पडून राहण्यासाठी सुमारे १,७०० किलोकॅलरी लागतात, तर अडीचशे किलोच्या देहाला सुमारे ४,४००. चालता-फिरता राहिला तर याच्या जवळजवळ दुप्पट धरावी लागेल, आणि शरीरातील जादा अवयवांची गरज वेगळीच. एकट्या आजीच्या पेजेवर हा देह दोन महिन्यांत खंगेल. मायेने घरी आणलेली आणि आहार न समजल्यामुळे हाल झालेली जनावरे माझ्याकडे दर आठवड्याला येतात, म्हणून हा मुद्दा मला किरकोळ वाटत नाही.

इतिहासवाचक

कथेतील परिस्थिती भविष्यातील असली, तरी लहान मुलाला घरापासून तोडून, खास शिक्षण देऊन, धन्याच्या पदरी ठेवलेला सैनिक ही व्यवस्था फार जुनी आहे. ऑटोमन सुलतानांचे जानिसारी ख्रिस्ती घरांतून गोळा केलेल्या मुलांतून घडवले जात. ते दल १८२६ मध्ये रक्तपात करूनच मोडावे लागले. इजिप्तमध्ये विकत घेतलेल्या मामलुक सैनिकांनी धन्यांचीच सत्ता हाती घेतली आणि १२५० ते १५१७ पर्यंत राज्य केले. आपल्या दख्खनेतील उदाहरण तर सर्वांना माहीत आहे. इथिओपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला मलिक अंबर धन्याच्या मृत्यूनंतर मुक्त झाला आणि १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत निजामशाही सांभाळून मोगलांना झुंजवत राहिला. पणजीत मांडवीकाठी ज्याचा राजवाडा आपण जुने सचिवालय म्हणून ओळखतो, त्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ हाही गुलाम म्हणून दख्खनेत आला, असे परंपरा सांगते.

यातून ‘असे सैनिक धोकादायक असतात’ एवढाच निष्कर्ष काढणे मला अपुरे वाटते. मलिक अंबराच्या अंगी राज्यकारभार, जमीनमहसूल आणि पाणीपुरवठा यांची जाण होती, आणि तो कोणाच्या तरी पदरी नुसता लढत राहिला असता तर ती कोणाला कधी दिसलीच नसती. राजांगणात बसवून ठेवलेल्या त्या सैनिकात काय आहे, हे आजीला कसे कळणार?

गोव्याविषयीही एक गोष्ट नोंदवतो. १५८३ मध्ये येथे आलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशाने जुन्या गोव्याच्या रुआ दिरेयता या मुख्य रस्त्यावर माणसांचा लिलाव होताना पाहिला होता. १८६९ च्या फर्मानाने पोर्तुगीज साम्राज्यातील गुलामीची स्थिती रद्द झाली, तरी मुक्त झालेल्यांनी १८७८ पर्यंत पूर्वीच्याच मालकाचे काम करावे, अशी अट त्यात होती. अचानक मोकळे सोडल्यास त्यांचे हाल होतील, हेच कारण तेव्हाही पुढे केले जात असे.

कुळागर

शेवटचे वाक्य मला लागले, आणि ते लागायलाच हवे होते. पोसक्यांविषयी जे लिहिले आहे तेही मी नाकारत नाही. आमच्या स्वतःच्या घराण्यात काय होते, हे मला ठाऊक आहे.

परंतु तुम्ही तिघांनीही एका प्रश्नाला हात लावलेला नाही. तो सैनिक आज संध्याकाळी कुठे झोपणार? संस्थेत ठेवा म्हणाल, तर मोठ्या संस्थांतील आयुष्य कसे असते हे मी नातेवाइकाच्या निमित्ताने जवळून पाहिले आहे. तेथे आहार मोजून मिळतो, औषध वेळेवर मिळते, आणि पाऊस गडगडला तर डोक्यावरून हात फिरवायला कोणी येत नाही. फ्रान्सच्या संरक्षण मंत्रालयाच्या नीतिसमितीने डिसेंबर २०२० मध्ये संवर्धित, म्हणजे कृत्रिम उपायांनी क्षमता वाढवलेल्या, सैनिकाविषयीच्या संशोधनाला अटींसह संमती दिली. ज्या संवर्धनामुळे सैनिकाला पुन्हा नागरी जीवनात परतणे कठीण होईल ते करू नये, ही त्यांतील एक अट होती. म्हणजे परत येण्याचा प्रश्न आजच विचारला जात आहे. कथेतील सरकारने ती अट मोडली, आणि त्या मोडण्याची भरपाई एक म्हातारी बाई स्वतःच्या घरात करत आहे. दोष सरकारचा असताना आपण सगळे तिलाच आरोपी करत आहोत, असे मला वाटते.

शिपायाची लेक

तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच कायद्यात आहे असे मला वाटते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणारा मुंडकार पिढ्यान्‌पिढ्या भाटकाराच्या मर्जीवर अवलंबून होता. कित्येक भाटकार प्रेमळ होते, चतुर्थीला मुंडकाराच्या घरी माटोळीचे (गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या सजावटीचे) सामान पाठवत, आजारपणात धावून जात. तरीही ‘उद्यापासून येथे राहू नकोस’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार एकाकडे होता आणि ते मुकाट्याने ऐकण्याची पाळी दुसऱ्यावर. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला हुसकावून लावण्यापासून संरक्षण दिले आणि घर व त्याभोवतीची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क दिला. अंमलबजावणी रखडली, खटले तुंबले, हे सर्व खरे आहे. पण भाटकाराची माया कायद्याने बंद पाडली नाही. तिच्या खाली हक्काची जमीन घातली.

म्हणून सैनिकाने आजीच्या घरी राहावे, याला माझी हरकत नाही. त्याच्या नावावर निवृत्तिवेतन असावे, ते आजीच्या नव्हे तर त्याच्या खात्यात यावे, आणि पशुवैद्यांनी काढलेला हिशेब सरकारने भरावा. घर सोडून जाता येईल आणि पुन्हा परत येता येईल, हे त्याला पहिल्याच दिवशी समजेल अशा शब्दांत सांगावे. त्यानंतर त्याला पेज आवडत असेल तर त्याने ती खुशाल खावी. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना बंदी घातली आहे, आणि जनुके बदललेला माणूस त्यातून वगळावा असे तेथे कुठेही म्हटलेले नाही.

कथालेखिका

ही कथा माझी आहे. तिच्यावर इतके मनापासून लिहिले जाईल असे मला वाटले नव्हते. कडी मी विचार करून लिहिली नव्हती. रात्री दार लावतात, म्हणून आजीने लावली, एवढेच. आता ते वाक्य वाचताना माझा हात थांबतो. मोती हे नाव मी काढणार आहे. सरकारने त्याला फक्त क्रमांक दिला होता, त्यामुळे नाव विचारल्यावर तो काय करील, हे मला अजून दिसत नाही, आणि दिसेपर्यंत तो प्रसंग लिहायचा नाही असे मी ठरवले आहे.

शिपायाची लेक, तुमच्या सदस्यनावावरून एक विचारते. उत्तर द्यायचे नसेल तर नका देऊ. तुमचे वडील निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा रात्री दाराचे काय होत असे?

शिपायाची लेक

पहिले वर्षभर ते घरात झोपलेच नाहीत. ओसरीवर चटई टाकत. आई काही बोलत नसे, फक्त पाण्याचा तांब्या उशाशी ठेवत असे. नंतर एका पावसाळ्यात ते आत आले. तेव्हापासून कडी तेच लावत, आतून, आणि रात्री दोन-तीनदा उठून ती काढता येते ना, हे पाहत.