बरोक ऐकावं कुठं : कॉफीहाऊसात की तबकडीवर?

मंद्रसप्तक :
बरोक संगीताशी, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातल्या युरोपीय संगीताशी, पहिली ओळख दोन हजार खुर्च्यांच्या सभागृहात होऊ नये, आणि तबकडीवरही होऊ नये. ती लहानशा, माणसांच्या वावरातल्या जागेत व्हावी असं माझं ठाम मत आहे. जर्मन संगीतकार बाखनं १७२९मध्ये लाइपझिगच्या कोलेगियम म्युझिकम या वादकमंडळाची सूत्रं हाती घेतली. ही मंडळी झिमरमनच्या कॉफीहाऊसात शुक्रवारी रात्री ८ ते १० वाजवत, व्यापारी जत्रेच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा. लंडनला थॉमस ब्रिटन हा कोळसाविक्रेता १६७८पासून आपल्या वखारीवरच्या माळ्यावर मैफली भरवायचा. संगीतकार हँडेलचं 'वॉटर म्युझिक' १७ जुलै १७१७ला थेम्स नदीवर नावेत बसून सुमारे ५० वादकांनी वाजवलं. आज लंडनचा 'ऑर्केस्ट्रा ऑफ द एज ऑफ एन्लायटनमेंट' पबमध्ये 'नाइट शिफ्ट' मैफली करतो. लोकांना तो नवा प्रयोग वाटतो, पण रीत जुनीच आहे.

सुईवाला :
असहमत. नावेवर ट्रम्पेट, हॉर्न, ओबो होते म्हणून ते निभावलं. व्हिओला दा गांबा किंवा ल्यूट असं मंद आवाजाचं तंतुवाद्य पबमध्ये ठेवा, शेजारच्या टेबलावरच्या गप्पांत बुडून जाईल. हार्प्सिकॉर्ड या पियानोपूर्वीच्या वाद्याची पट्टी जोरात दाबली तरी आवाज वाढत नाही, कारण तार छेडली जाते, ठोकली जात नाही. मग आयोजक माइक लावतात आणि छेडण्याचा खरखरीतपणाच तेवढा मोठा होतो. शिवाय गर्दीच्या उष्णतेनं तारा उतरतात, ओलाव्यानं लाकडी फळी फुगली की सूर चढतो. मध्यंतरानंतर पुन्हा जुळवलं नाही तर दुसरा भाग बेसूरच. मेणबत्त्यांच्या उजेडातले विवाल्दीचे 'चार ऋतू' तर बरेचदा फक्त चार तंतुवाद्यांच्या चौकडीवर असतात, कंटिन्युओ (हार्प्सिकॉर्डसारख्या वाद्यांचा सततचा खालचा आधार) गायब. ज्याच्या खांद्यावर रचना उभी, तोच नाही! त्यापेक्षा हार्नोनकोर्ट आणि लेओनहार्ट या संचालकांनी १९७१पासून जवळजवळ दोन दशकं ध्वनिमुद्रित केलेल्या बाखच्या कँटाटा (गायक आणि वाद्यांसाठीच्या रचना) ऐका. त्या एलपी संचांत स्वरलिपीही मिळायची. आरियाचा, म्हणजे एकल गाण्याचा, पहिला भाग परत येतो तेव्हा गायकानं कुठली हरकत वाढवली, हे सुई मागं नेऊन पाहता येतं.

मंद्रसप्तक :
तुम्ही सांगितलेले दोष मांडणीचे आहेत, जागेचे नाहीत. श्रोते ४० ते ६०, त्याहून एकही जास्त नको. हार्प्सिकॉर्ड लांब भिंतीच्या मध्याशी, झाकण श्रोत्यांकडे उघडेल असं. दारापासून आणि पंख्यापासून दूर. वाद्य काही तास आधी त्याच खोलीत आणून ठेवायचं, दिवे लावून खोली तापल्यावर ४१५ हर्ट्झला (बरोकसाठी रूढ, आजच्यापेक्षा खालचा सूर) जुळवायचं आणि मध्यंतराची १५ मिनिटं जुळवणाऱ्यासाठी राखून ठेवायची. वादन चालू असताना कॉफीचं यंत्र बंद. दोन व्हायोलिन, चेलो, हार्प्सिकॉर्ड एवढ्यावर ट्रायो सोनाटा हा रचनाप्रकार होतो, आणि तो माइकशिवाय शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो. चेलोवाला व्हायोलिनकडे बघून कुठं थांबतो, हे तबकडी कधीच दाखवणार नाही.

लाखेची_तबकडी :
सुईवाले, तबकडी म्हणजे निर्मळ आरसा असं समजू नका. संचालक म्युंशिंगरच्या श्टुटगार्ट चेंबर ऑर्केस्ट्राचे १९५१चे 'चार ऋतू' सुंदर आहेत, पण वाद्यं आधुनिक आहेत. कान त्यालाच सरावले की त्या काळच्या, जनावराच्या आतड्याच्या तारांचा कोरडा, बोलका आवाज 'चुकीचा' वाटू लागतो. म्हणून एकाच रचनेच्या निदान दोन पिढ्यांच्या तबकड्या घ्याव्यात.

आणि एलपीची स्वतःची मर्यादा आहेच. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. समारोपाचे कोरस आणि ट्रम्पेट नेमके तिथंच येतात आणि फाटतात. विकत घेताना बाजूचा शेवट आधी ऐकावा. भोक मध्यापासून जरा सरकलेलं असेल तर ऑर्गनचा लांब सूर हेलकावतो. ऑर्गन ऐकणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. १९५०च्या दशकातल्या मोनो एलपीला २५ मायक्रॉनची सुई लावावी. स्टीरिओची १८ मायक्रॉनची सुई खाचेच्या तळाशी जाऊन खरखर उचलते.

आपल्याकडे कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात कागदी आतल्या खोळी बुरशी धरतात, त्या आधी फेकाव्यात. पॉलिथिनचं अस्तर असलेल्या घ्याव्यात, पीव्हीसीच्या नकोत, त्यानं तबकडीवर धुरकट थर चढतो. चार भाग डिस्टिल्ड पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, खाचेच्या दिशेनं पुसायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा. ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकडीला मात्र अल्कोहोल लावूच नये, लाख विरघळते.

सुईवाला :
१९५१च्या तबकडीबद्दल मान्य. ट्रायो सोनाटाही कॉफीहाऊसाला सोडला. पण येशूच्या मृत्यूची कथा गाणाऱ्या बाखच्या 'मॅथ्यू पॅशन'चं काय? दोन कोरस, दोन वाद्यवृंद. ते लाइपझिगच्या थॉमस चर्चसाठी लिहिलेलं आहे, तिथल्या सज्ज्यांचा हिशेब धरून. पबमध्ये त्यातली एखादी आरिया तोडून गातात, ते मला पटत नाही.

मंद्रसप्तक :
पॅशन पबमध्ये नको, हे मलाही मान्य. मी ज्याला पहिली ओळख म्हणतो ती टेलेमान या संगीतकाराच्या चार वाद्यांसाठीच्या चौकड्यांची, कोरेल्ली या संगीतकाराच्या सोनाटांची. तुमची तबकड्यांची यादी कुठल्या रचनेपासून सुरू होते, ते सांगा.