बोंडअळी आणि दहावीचा पहिला धडा

गावच्या शाळेत संगणक आले आणि कोडिंग शिकवले की मुले भविष्यासाठी सज्ज होतील, हा नेहमी मांडला जाणारा मुद्दा मला अपुरा वाटतो. (संगणक अवश्य यावेत, भारनियमनात ते कसे चालवायचे, हा भाग वेगळा.) आमच्या यवतमाळ-वर्ध्याकडे बदल आधी शेतात दिसतो. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे जनुकीय बदलामुळे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या वाणाला, परवानगी मिळाली. पण कापसाची बोंडे पोखरणाऱ्या ज्या गुलाबी बोंडअळीला त्याने रोखायचे होते, तीच त्याला पुरून उरली आणि २०१७ च्या हंगामात तिने विदर्भातील कापसाचे अतोनात नुकसान केले. दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे, परंतु बीटीच्या विषातून तगलेल्या मोजक्या अळ्यांचीच प्रजा पुढे वाढते आणि तसे होऊ नये म्हणूनच, म्हणजे विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही शेतात टिकून त्यांच्याशी संकर व्हावा म्हणून, बीटीच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची छोटी पुडी दिली जात असे, ही सांगड वर्गात क्वचितच घातली जाते. नैसर्गिक निवडीची व्याख्या पाठ असलेल्या मुलाच्या घरी ती पुडी न पेरताच फेकून दिली जाई.

वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला होता आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सहावीपासून व्यवसायाची ओळख करून द्या असेच सांगते. शेतकऱ्याच्या मुलाने शेतीच करावी, असे मी मुळीच म्हणत नाही. मात्र मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून घेणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री बोंडअळीचे आठ-आठ पतंग सापडले की उपाय करावा लागतो. ती मोजणी, तो आलेख आणि फवारणीच्या खर्चाचा हिशेब नववीचा वर्ग सहज करू शकेल, फक्त शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून तेवढी सवड मिळायला हवी.