मदत हवी आहे: तोंडाला सतत कोरड, घास फिरतो नुसता

काउंटर_चार | मंगळवार, रात्री १०:४०
दोन महिने झाले, तोंडाला कोरड. दिवसाला तीन बाटल्या पाणी रिचवते तरी जीभ टाळूला चिकटलेलीच. डब्यातली पोळी आमटीत बुडवल्याशिवाय उतरत नाही. मारीचं बिस्किट टाळूला असं लिंपलं जातं की बोटाने खरवडावं लागतं. परवा काउंटरवर एका आजोबांना 'पासबुक' म्हणताना 'पास'लाच जीभ अडकली. ते म्हणाले, "बाई, आधी पाणी प्या." पाणी पिऊन जायचं कुठे? बोरिवली ते चर्चगेट तासभर, गाडीत सोय नाही. मलम चालू आहे. शुगर नाही. जालीम उपाय असेल तर सांगा. डॉक्टरकडे जा म्हणू नका, जाऊन आले, "त्यात असं होतंच" म्हणाले.

मंदार_पार्लेकर | रात्री १०:५२
कशात होतंच? कसलं मलम? कुठे लावायचं?

सुगरणआजी | रात्री ११:०५
पित्त आहे गं बाई. मालवणहून आणलेलं आगळ असेल तर दोन चमचे पाण्यात घाल, चिमूट मीठ, जिऱ्याची पूड. तोंडाला पाणी सुटलंच पाहिजे.

वडापाव_तिखट | रात्री ११:१०
तोंडाला वास येत असेल तर जेवणानंतर बडीशेप चावा. जीभ घासायची पट्टी तांब्याची घ्या, स्टीलची नको.

काउंटर_चार | रात्री ११:२१
वासाचं कोणी विचारलं? आणि आजी, आगळ! मला साधं वरण झोंबतं. लिहायचं राहिलं, तोंडात लायकेन प्लॅनस आहे (आतल्या कातडीचा जुनाट दाह), सहा वर्षं. गालांच्या आत पांढरी जाळी, मध्ये मध्ये लालभडक सोललेलं. ट्रायमसिनोलोनची, म्हणजे स्टेरॉइडची, पेस्ट लावते. वय ५३.

मंदार_पार्लेकर | रात्री ११:२४
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

तेलाची_धार | बुधवार, सकाळी ६:१५
गंडूष करा. लाकडी घाण्याचं तिळाचं तेल, सकाळी उपाशीपोटी दहा मिनिटं तोंडात धरायचं. माझ्या वहिनींची आठ वर्षांची कोरड महिन्यात गेली. सोबत ज्येष्ठमधाची काडी चघळा.

सायलेंट_वाचक | सकाळी ७:४०
ताई, बीपी आहे का? असेल तर ज्येष्ठमध रोज चघळू नका. माझ्या वडिलांचं बीपी त्याने चढलं होतं, पोटॅशियम खाली आलं होतं. कारण सापडायला पंधरा दिवस लागले.

तेलाची_धार | सकाळी ७:४८
हजारो वर्षं लोक ज्येष्ठमध खातायत. तुमच्या वडिलांना दुसरं काही झालं असेल.

सायलेंट_वाचक | सकाळी ७:५५
काय झालं होतं ते मला माहीत आहे.

काउंटर_चार | सकाळी ८:३०
बीपी आहे. गोळी चालू आहे. (गाडीत उभी आहे, नीट टाइप होत नाही.)

दंतकथा | दुपारी २:१५
मी दातांची डॉक्टर आहे. इथे औषध लिहून देणार नाही, पण प्रश्न विचारते, उत्तरं सगळी द्या.
१. बीपीखेरीज कोणत्या गोळ्या? झोपेची, सर्दीची, अंगदुखीची, सगळ्या. कधीपासून?
२. डोळे कोरडे, वाळू गेल्यासारखे होतात का?
३. जळजळ पूर्वीसारखीच आहे की बदलली? जिभेवर पुसलं तर निघेल असा पांढरा थर?
४. शुगर शेवटची कधी तपासली?
लायकेन प्लॅनसवाल्यांना कोरड असते हे खरं, पण सहा वर्षं नव्हती आणि आत्ताच आली, तर "त्यात होतंच" एवढ्यावर मी थांबले नसते.

काउंटर_चार | रात्री ९:५०
शुगर गेल्या वर्षी. डोळे चुरचुरतात, पण दिवसभर स्क्रीन, कोणाचे नाही चुरचुरत? जळजळ वाढलीय, जीभ पांढुरकी दिसते, पुसून बघितली नाही. गोळ्या: बीपीची. मान आणि हाताच्या मुंग्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली रात्रीची छोटी. सर्दीची रोज रात्री एक, पावसाळ्यापासून. त्यांचा तोंडाशी काय संबंध?

दंतकथा | रात्री १०:०२
छोटीचं नाव?

काउंटर_चार | रात्री १०:१०
अमिट्रिप्टिलिन १०. गणपतीच्या आधी सुरू केली.

मंदार_पार्लेकर | रात्री १०:११
आणि कोरड कधीपासून? गणपतीपासून. वा.

दंतकथा | रात्री १०:३०
मंदार, टोमणे नकोत, रुग्ण असंच सांगतात. मानेची गोळी तोंडाच्या डॉक्टरला सांगायची असते हे कोणी सांगितलेलंच नसतं.
ताई, लाळेच्या ग्रंथींना ज्या नसांचा हुकूम येतो तो हुकूम ही गोळी अडवते. सर्दीच्या काही गोळ्याही तेच करतात, थोडं कमी. दोन्ही रात्री घेताय, आणि झोपेत लाळ मुळात जवळजवळ बंदच असते. एरवी माणसाला दिवसाला लिटरभराच्या आसपास लाळ सुटते. ती तुमच्या सोललेल्या गालावर वंगणासारखी असते; ती आटली की घास थेट जखमेवर घासतो. शिवाय स्टेरॉइडची पेस्ट आणि कोरडं तोंड एकत्र आलं की बुरशी धरायला वेळ लागत नाही. बुरशीचा थर बरेचदा पुसला जातो, जाळी पुसली जात नाही. जळजळ वाढल्याचं ते कारण असू शकतं.
गोळी स्वतःहून बंद करू नका. हाडांच्या डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात.

तेलाची_धार | रात्री १०:४४
म्हणजे ॲलोपॅथीनेच झालं. मी काय म्हणत होतो?

दंतकथा | रात्री १०:५१
तुम्ही ज्येष्ठमध म्हणत होतात.

वडापाव_तिखट | रात्री ११:००
😂 साखर नसलेलं च्युइंगम चालेल का? मी क्रिकेट बघताना दोन-दोन तास चघळतो.

दंतकथा | रात्री ११:०८
चालेल, झायलिटॉलचं, पण पुदिना-दालचिनीचं नको, लायकेन प्लॅनसला झोंबतं. लिंबाची गोळी, आवळा सुपारी यांनी लाळ सुटते हे आजींचं बरोबर, पण आंबटाने हिला आग होईल आणि लाळ नसताना दातही झिजतील. कमी फेसाची पेस्ट घ्या, अल्कोहोलचा माउथवॉश फेकून द्या. पाणी गटागट नको, घोट घोट, म्हणजे गाडीचा प्रश्नही कमी होईल. घरी एक करून बघा: तासभर काही खाऊपिऊ नका, मग पंधरा मिनिटं मान खाली घालून बसा, जमेल ती लाळ औषधाच्या मोजायच्या झाकणात थुंका. दीड मिलीच्या आत भरली तर फारच कमी.

सायलेंट_वाचक | गुरुवार, सकाळी ९:१०
डोळे कोरडे हे सोडू नका. माझ्या मावशीला शोग्रेन निघालं (शरीर स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उठतं), चार वर्षं सगळे स्क्रीनच म्हणत होते. तो आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो. मुंबई सेंट्रलच्या नायर डेंटलला ओरल मेडिसिन असा वेगळा विभाग आहे, सीएसएमटीजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयातही. सकाळी लवकर जा, केसपेपरची रांग लागते.

मंदार_पार्लेकर | सकाळी ९:३०
नायरला गाडी नेऊ नका. पार्किंगसाठी मी तीन फेऱ्या मारल्या होत्या.

काउंटर_चार | सकाळी ९:४१
माझ्याकडे पास आहे, गाडी नाही.

काउंटर_चार | पुढचा बुधवार, रात्री ९:१५
झाकणाचा प्रयोग केला. खोकल्याच्या औषधाचं झाकण, मी सिंकवर वाकलेली, ह्यांनी घड्याळ लावलं आणि मॅचही चालू ठेवली. मान अवघडली, हसू येत होतं. अडीचच्या रेघेला जेमतेम टेकली.
ओरल मेडिसिनला जाऊन आले. तिथल्या मुलीने गाल आरशाने ताणून बघितला, जीभ लाकडी पट्टीने खरवडली. बुरशी निघाली. क्लोट्रिमाझोलचं माउथ पेंट दिलंय. पेस्ट बंद नाही, पण बोट घासून नाही, कोरड्या जागेवर नुसती टेकवायची आणि पुढे अर्धा तास पाणीसुद्धा नाही म्हणाली. सहा वर्षं मी दात घासल्यासारखी चोळत होते. दर सहा महिन्यांनी तपासायला यायलाही सांगितलं, हे आधीचे कधी बोलले नव्हते. हाडांच्या डॉक्टरांनी गोळी बदलली, आधी जरा तोंड वाकडं केलं. सर्दीची मीच विचारून बंद केली, सर्दी आहे तशीच आहे. शुगर ठीक निघाली. डोळ्यांची कागदाच्या पट्टीची तपासणी आणि शोग्रेनचं रक्त, दोन्हींचे रिपोर्ट शनिवारी.

दंतकथा | रात्री ९:४०
अडीच म्हणजे दीडच्या वर आहे, बरं. पण एरवी भरते त्या चार-पाचच्या खाली आहे, तेव्हा शनिवार चुकवू नका. फ्लोराइडचं विचारलंत का? कोरड्या तोंडात दात मुळाशी किडतात.

काउंटर_चार | रात्री ९:४४
नाही. अजून एक केसपेपर.

सुगरणआजी | रात्री १०:०५
पोळी जाते का गं आता?

काउंटर_चार | रात्री १०:१२
आज अर्धी गेली, भेंडीबरोबर, आमटीशिवाय. उरलेली अर्धी बुडवली. आगळ तेवढं नको हं, आजी.