मदत हवी आहे : डॅन बर्नला कोणी धरायचं होतं?

लिव्हरपूलवाले भाऊ लोक, एक वाद मिटवून द्या ना. 16 मार्च 2025, वेम्बली, इंग्लिश फुटबॉलच्या लीग कपची फायनल, न्यूकॅसलकडून 2-1 ने हार, आणि त्यात त्यांच्या डिफेंडर डॅन बर्नचा कॉर्नरवरचा हेडर गोल. सदरच्या टपरीवर आमचे अजूनही दोन तट आहेत. एक म्हणतो, पाचच दिवस आधी पॅरिसच्या पीएसजी क्लबशी 120 मिनिटं आणि वर पेनल्टी, पाय संपले होते पोरांचे. मला नाही पटत. न्यूकॅसलच्या ट्रिपियरच्या कॉर्नरवर साडेसहा फुटी बर्नसमोर कोण, तर आपला बुटका मिडफिल्डर मॅक अॅलिस्टर! उंच गडी माणूस न धरता गोलजवळचा झोन, म्हणजे ठरलेली जागा, सांभाळतात, हे कळलं. पण बर्न एवढा लांब मोकळा दिसत असताना आपल्या उंच डिफेंडर व्हॅन डाइकनं जागा सोडायची की नाही? कोणी कोचिंग केलं असेल तर नीट समजवा. तर्री पोहे माझ्याकडून.